राजवाड्यात अंथरलेली घोंगडी

मी एक जुनी घोंगडी आहे. काळी आहे, काठाला पांढऱ्या रेघा आहेत, आणि टोचते. टोचण्याचं आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी फसलो म्हणायला नको.

मित्रांनो, तुम्हाला आई एक असते. मला पुष्कळ आहेत. सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यात एक कळप होता, त्यातल्या काळ्या मेंढ्यांच्या लोकरीची मी झाले. कातरणी झाली तशा त्या कुडकुडत चरायला निघून गेल्या. त्यानंतर एकीनंही माझी चौकशी केली नाही. मेंढपाळांच्या बायकांनी सूत काढलं. केरबा सणगरानं खड्ड्यात पाय सोडून मागावर मला विणलं, चिंचोक्याची खळ लावली आणि उन्हात वाळवलं. या खळीनं नवी घोंगडी इतकी ताठ होते की तिला आधार लागत नाही. केरबानं मला भिंतीशी उभी करून ठेवली होती. सांजच्याला त्याचे मेव्हणे आले, ते मला रामराम घालून आत गेले. मी उलट रामराम घातला नाही म्हणून जेवताना रुसून बसले.

लालासाहेबांनी मला बाजारातून घरी आणलं. नाव लालासाहेब असलं तरी ते कुणाचे साहेब नव्हते. कोरडवाहू रान, त्यात जुंधळा, एवढाच त्यांचा पसारा. मिशा मात्र कलेक्टरला परवडणार नाहीत अशा होत्या. बोलण्यात त्यांचा हात कुणी धरत नसे. ते बांधावर बोलायला लागले की बैल आपले आपण घरी येत. त्यांची बायको रंगूबाई कमी बोलायची. घरातलं सगळं बोलणं नवऱ्यानं वापरून टाकल्यावर तिला उरणार काय?

त्यांचा कृष्णात माझ्यावरच जन्मला. पुढं माझ्यावर भाकरी खाल्ल्या गेल्या, भांडणं मिटली, सोयरिकी जुळल्या, एक मोडलीसुद्धा. आमच्याकडे घोंगडीचे दोन नियम आहेत. घोंगडीवर पायताण घालून यायचं नाही, आणि घोंगडीवर बसलेल्याला उपाशी उठवायचं नाही. गावाचा कारभार या दोन नियमांवर चालत आला. ग्रामपंचायत फार नंतर आली. पावसापासून माणसाला राखणं हेही घोंगडीचं काम असतं म्हणतात. आमच्या भागात ते काम फारच सोपं गेलं.

कृष्णात मिल्ट्रीत ड्रायव्हर झाला. एकाहत्तरच्या लढाईत त्याची गाडी पार राजस्थानच्या वाळवंटात होती. तिथं गोळ्याचा तुकडा पायात घुसला, गाडी वाळूत रुतली, आणि तो एकटा पडला. तहानेनं जीभ सुजली होती. तेवढ्यात हुकमाराम नावाचा एक उंटवाला त्या वाटेनं आला. त्यानं जवळची पखाल याच्या तोंडात रिकामी केली, याला उंटावर घातलं, आणि स्वतः बाजूनं चालत याला ठाण्यावर पोचवलं. कृष्णातनं सुट्टीवर आल्यावर हे माझ्यावर बसून सांगितलं. लालासाहेब मध्ये बोलले नाहीत, यावरून काय ते ओळखा.

रंगूबाई तेव्हा एवढंच म्हणाली, "देव माणूस रं." पण पुढल्याच साली बहात्तरचा दुष्काळ पडला. टँकर कवा येईल याचा नेम नसायचा. रंगूबाई मला रांगेत जागा धरायला ठेवून घरचं काम आटपायला जायची. बाकीच्यांनी रांग मोडली, मी मोडली नाही. त्या रांगेत तिला पखालभर पाण्याची खरी किंमत कळली. एक दिवस ती भरलेल्या घागरीकडे बघत नुसतीच उभी राहिली आणि म्हणाली, "आनि त्यानं सगळी दिली."

मग माझे वाईट दिवस आले. घरात सोलापुरी चादर आली. तिच्यावर फुलं होती. मला घडी घालून माळ्यावर टाकलं, हरभऱ्याच्या पोत्यावर. वर्षं गेली. मी अंधारात हरभऱ्याला ऊब देत बसले. त्यानं ती मागितली नव्हती.

अठ्ठ्याहत्तर साली मला अचानक खाली ओढलं गेलं. कृष्णातची बदली पुन्हा त्याच वाळवंटात झाली होती आणि तो सुट्टीवर सांगत आला होता, "आये, हुकमाराम घावला. तितल्या राजानं वाड्याचं हाटेल केलंय. गोऱ्या लोकांचं. तितं नोकरीला हाय."

"काय काम करतोय?" लालासाहेबांनी विचारलं.

"उभा ऱ्हातोय."

"आनि?"

"आनि काय न्हाई. मिशीवर घेतलाय त्येला."

लालासाहेबांनी आपल्या मिशीवरून हात फिरवला. एवढी वर्षं ही शेतात फुकट चालली होती, असं काहीसं त्यांच्या तोंडावर दिसलं.

रंगूबाईनं मला अंगणात झटकलं. "मला त्या माणसाच्या हातचं पानी प्याचं हाय, आनि ही घोंगडी त्याच्या खांद्यावर घालायची हाय. माझं गुडघं हायती तवर."

शेजारची हरणाबाई म्हणाली, "अगं, द्याचीच तर नवी तरी दे. ह्या बोंदराचं काय नवल?"

"नवी कुनीबी दील. ह्या घोंगडीवर माझं पोरगं जलमलं. ज्यानं त्येला दुसऱ्यांदा जलम दिला, त्येला हीच."

बोंदर, म्हणजे फाटकं जुनेर, हा शब्द मी ऐकला. पण पुढच्या वाक्यानं भरपाई झाली.

मिरजेहून आगगाडी धरली. गाड्या बदलत बदलत आम्ही वाळवंटात उतरलो. लालासाहेबांनी वाळूकडे बघितलं, आभाळाकडे बघितलं, आणि म्हणाले, "ह्यो तर आपला जतच की रं. नुसता नांगरल्याला न्हाई."

मुक्काम होता फक्त त्या दिवसाचा. जुंधळा हुरड्यात आला होता, पाखरांची राखण शेजाऱ्यावर टाकून आलो होतो, आणि परतीची गाडी त्याच संध्याकाळची होती. कृष्णातच्या कप्तानसाहेबांनी हॉटेलात निरोप धाडून आम्हाला दिवसापुरतं आत जायची परवानगी काढली होती. थोडक्यात, त्या एका दिवसात मी हुकमारामच्या खांद्यावर पडले तर पडले. नाहीतर रंगूबाईचे गुडघे काही परत एवढी वाट चालणार नव्हते.

मित्रांनो, तो राजवाडा मी कसा सांगू? आमचं अख्खं गाव आत मावलं असतं आणि भांडायला जागा उरली असती. दारातच लाल फेटा, सोन्याची बटणं असा एक भारदस्त माणूस उभा होता. लालासाहेबांनी त्याला वाकून मुजरा केला. "महाराज, जतवरनं आलोय."

"आबा, त्यो दरवान हाय," कृष्णात म्हणाला.

आत दुसरा तसाच दिसला. त्यालाही मुजरा. तो चहाचे कप उचलणारा निघाला. दिवाणखान्यापर्यंत लालासाहेबांचे असे बरेच मुजरे झाले. शेवटचे महाराज फरशी पुसत होते. त्यांनी मात्र बादली खाली ठेवून उलट मुजरा केला.

दिवाणखान्यात वाघ होते. चित्ते होते. एक अस्वल हातात तबक घेऊन उभं होतं. सगळे पेंढा भरलेले. मी लोकरीची असल्यामुळं मला त्यांच्याकडं बघवेना. माझ्या आया निदान चरायला गेल्या होत्या. त्या जनावरांच्या रांगेत, दोन वाघांच्या मध्ये, भाला घेतलेला एक उंच म्हातारा होता. पांढऱ्या मिशा कानापर्यंत गेलेल्या. डोळ्याची पापणी लवत नव्हती.

लालासाहेब जवळ गेले. "ह्येच्यात बी पेंढा भरलाय का काय?" आणि त्यांनी बोटानं त्याचं पोट दाबून बघितलं.

"आबा, बोट काढा," कृष्णात हळूच म्हणाला. "त्योच हुकमाराम हाय."

हुकमाराम हलला नाही. पण त्याची नजर कृष्णातवर आली आणि डोळे भरले. हात हलवायची सोय नव्हती. पाणी तसंच गालावरून ओघळत मिशीत गेलं.

चहावाल्या महाराजांनी सगळा खुलासा केला. दिवे लागेपर्यंत याला हलायची बंदी, बोलायची बंदी. गोऱ्या पाहुण्यांना फोटोत तसाच लागतो. आधीचा भालेवाला शिंकला आणि त्याच दिवशी घरी गेला. आमची गाडी तर दिवे लागायच्या आधीच सुटणार होती.

लालासाहेब म्हणाले, "मग टाका की घोंगडी खांद्यावर अशीच. त्यो काय न्हाई म्हनतोय?"

"वाघाच्या अंगावर झूल टाकल्यागत?" रंगूबाई म्हणाली. "मानूस हाय त्यो. बोलल्याबिगार कसं द्याचं? आपुन बसू."

आणि तिनं मला अंथरलं. तिथं खाली एक गालिचा होता. त्याच्यावर हरणं होती, वेली होत्या, पाखरं होती. मी त्या सगळ्यांवर पसरले. आयुष्यात एवढं मऊ अंथरूण मला कधी मिळालं नव्हतं, आणि गालिच्याला एवढं खरबरीत पांघरूण. दोघांनीही काही न बोलता सोसलं.

हुकमारामच्या पायाशी तिघं बसली. रंगूबाईनं भाकरीचं गाठोडं सोडलं. थोड्या वेळानं एक गोरी म्हातारी आली, आमच्याकडं बघत राहिली, आणि हा हॉटेलचाच काही कार्यक्रम असावा असं समजून बूट काढून माझ्यावर येऊन बसली. बसली म्हटल्यावर नियम लागू झाला. रंगूबाईनं तिला भाकरी आणि ठेचा दिला. म्हातारीनं खाल्लं आणि तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या. ते बघून बाकीच्या गोऱ्या मंडळींना वाटलं, फार हृदयस्पर्शी काही चाललं आहे. तेही बूट काढून आले. घटकाभरात माझ्यावर जागा उरली नाही आणि सगळे रडत होते.

तेव्हा मॅनेजरसाहेब आले. काळा कोट, काळे बूट. "ये सब क्या है?" म्हणत ते तरातरा आले आणि त्यांचा एक पाय माझ्यावर पडणार, इतक्यात रंगूबाई म्हणाली, "पायतान काढा."

तिनं आवाज चढवला नव्हता. पण मॅनेजरसाहेबांनाही कधीतरी आई असणार. त्यांनी बूट काढले. डाव्या मोज्याला भोक होतं, आणि त्यातून अंगठा बाहेर आला. मित्रांनो, अंगठा बाहेर असलेल्या माणसाला नीट रागावता येत नाही. ते खाली बसले आणि अंगठा मांडीखाली घेतला.

"आमी तुमच्या गालिच्याला अंग लावल्यालं न्हाई," रंगूबाई म्हणाली. "आमचं आमी घिऊन आलोय."

कृष्णातनं बसल्या बसल्या पाठ ताठ केली आणि मिल्ट्रीच्या हिंदीत सांगितलं, "साब, माताजी अपने सामान पर बैठी है."

मग त्यानं सगळं सांगितलं. लढाई, पखाल, उंट. तो सांगत असताना रंगूबाईनं मॅनेजरांच्या हातात भाकरी दिली. ते ऐकता ऐकता खात गेले. ठेच्यापर्यंत पोचल्यावर त्यांनी खिशातून रुमाल काढला. तो ठेच्यासाठी की गोष्टीसाठी, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

"मैं मना नहीं करता," ते नाक पुसत म्हणाले. "पर जगह खाली नहीं रह सकती. यहाँ मूँछवाला आदमी खड़ा होना चाहिए."

सगळ्यांनी लालासाहेबांकडं बघितलं. गोऱ्या म्हातारीनंसुद्धा.

"मी?" लालासाहेब म्हणाले.

"बोलायचं न्हाई बरं का, आबा," कृष्णात म्हणाला. "हलायचं बी न्हाई."

"मला काय सांगतोस? मी काय बोलतो का कवा?"

हुकमारामनं भाला त्यांच्या हातात दिला, स्वतःचं पागोटं उतरवून त्यांच्या डोक्यावर ठेवलं. लालासाहेब दोन वाघांच्या मध्ये जाऊन उभे राहिले आणि गप्प झाले. अगदी गप्प. पाहुण्यांच्या एका पोरानं त्यांच्या गुडघ्याला गुदगुल्या करून बघितल्या. लालासाहेब हुकमारामच्या वरताण ताठ उभे.

तेव्हा कुठं, लग्न झाल्यापासून पहिल्यांदा, रंगूबाईला सलग बोलता आलं.

हुकमाराम माझ्यावर येऊन बसला. बराच वेळ उभं राहिल्यानं त्याचे गुडघे वाजले, त्याच्याकडं सरकताना रंगूबाईचेही वाजले. ती म्हणाली, "भाऊ, आधी मला तुमच्या हातचं पानी द्या." कृष्णातनं हिंदीत सांगितलं. हुकमाराम उठला, लोटाभर पाणी घेऊन आला. रंगूबाई ओंजळीनं सगळं प्याली, तिनं एक थेंब सांडू दिला नाही. दुष्काळ बघितलेल्या बाईचं पाणी पिणं बघण्यासारखं असतं.

"माझं पोरगं हितं वाळूत मेलं असतं," ती म्हणाली. "मी तकडं जतला चुलीपुढं बसून भाकरी थापत असते आनि मला ठावंबी झालं नसतं. तुमी त्येला पानी पाजलं. मी काय देनार? माझ्याकडं हीच हाय." आणि जेवलेल्या सगळ्यांना उठवून ती मला हातात घेऊन उभी राहिली.

मी तयार होते. खरं सांगते, सबंध प्रवासात मी तेच चित्र बघत आले होते: राजवाडा, वीराचा खांदा, आणि त्यावर मी.

हुकमाराम एक पाऊल मागं सरला.

"माँजी, ये मेरा हक नहीं," तो म्हणाला. "मैंने तो सवेरे पी लिया था. मशक में जो पानी था, वो जमना का था."

"जमना कोन?"

"मेरी सांडणी." सांडणी म्हणजे उंटीण, मित्रांनो. "लड़ाई में कुएँ बंद थे. वो कई दिन की प्यासी थी. मैंने मशक खोली तो वो मुँह आगे लाई. मैंने उसके सामने सारा पानी इनको पिला दिया." त्यानं कृष्णातकडं बोट केलं. "वो देखती रही. फिर मैंने कहा बैठ, तो बैठ गई. जिसका पानी इन्होंने पिया, उसी पे इनको लादा. और वो चल पड़ी. लात मार सकती थी, माँजी. नहीं मारी."

कृष्णातनं मराठीत सांगायला तोंड उघडलं. रंगूबाईनं हातानं थांबवलं. तिला कळलं होतं. दुष्काळात जनावराच्या वाट्याचं पाणी म्हणजे काय, हे जतच्या बाईला समजावून सांगावं लागत नाही.

"कुठं हाय ती?" तिनं विचारलं. "हाय का?"

"है. पीछे बँधी है."

मग आम्ही सगळे मागं गेलो. मुदपाकखान्यातून, भांड्यांच्या ढिगामधून, कोळशाच्या खोलीशेजारून. पुढं वरात चालावी तशी रंगूबाई मला दोन्ही हातांवर घेऊन. मागं कृष्णात, हुकमाराम, मॅनेजरसाहेब बूट हातात घेऊन, आणि गोरी म्हातारी. मॅनेजरसाहेबांना बूट परत घालायचं सुचलं नव्हतं.

मागच्या भिंतीच्या सावलीत जमना बसली होती. म्हातारी झालेली, गुडघ्यांवर घट्टे पडलेले. पाठीवर पाहुण्यांच्या फोटोसाठी चकचकीत झालर लावलेली होती, आणि तिची कड पाठीला काचून केस गेले होते. तिनं आमच्याकडं बघितलं आणि चघळत राहिली. उपकार केलेल्या माणसाच्या तोंडावर तो उपकार कधीकधी दिसतो. जमनाच्या तोंडावर काही दिसत नव्हतं.

रंगूबाईनं ती झालर काढून मॅनेजरसाहेबांच्या हातात दिली. त्यांनी घेतली. मग तिनं मला उलगडलं आणि जमनाच्या पाठीवर पांघरलं, चारी टोकं नीट ओढून. बेंदराच्या सणाला बैलाच्या पायावर पाणी घालतात, तसं तिनं हुकमारामनं पुन्हा भरून दिलेल्या लोट्यातलं पाणी जमनाच्या पुढच्या पायांवर घातलं आणि डोकं टेकलं.

"तुझ्या वाट्याचं पानी माझ्या लेकरानं प्यालं, बाई," ती म्हणाली. "तुला कुनी इचारलं न्हाई. मी बी उशिराच आले."

कृष्णात पुढं झाला. इतका वेळ तो सगळ्यांचं हिंदी-मराठी करत होता, आता त्याला दोन्ही सुचेना. त्यानं बादली भरून आणली आणि जमनासमोर धरून बसला. जमना प्याली. अजिबात घाई न करता प्याली. तो बादली धरून होता.

आणि मी? मला आधी वाईट वाटलं, हे लपवत नाही. वीराचा खांदा म्हणता म्हणता मी उंटाच्या पाठीवर आले होते. पण मग तिची पाठ श्वासाबरोबर माझ्याखाली वरखाली व्हायला लागली, आणि ज्या जागी केस गेले होते ती जागा मी झाकली. त्यापुढं मला खांदा आठवला नाही.

लालासाहेबांना भाल्यापासून सोडवणं अवघड गेलं. ते यायलाच तयार नव्हते. मॅनेजरसाहेबांनी त्यांना नोकरी देऊ केली होती, असं ते अजून सांगतात म्हणे. रंगूबाई समोर उभी राहिली आणि म्हणाली, "पाखरं जुंधळा खाया लागली असतील." तेव्हा ते हलले.

जाताना रंगूबाईनं माझ्यावरून एकदा हात फिरवला. आगगाडीत माझ्या जागी भाकरीचं रिकामं फडकं गेलं.

जमना पुढं बरीच वर्षं जगली. हॉटेलातले पाहुणे माझे फोटो काढत. मी राजघराण्यातली पुरातन झूल आहे, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. तिनं शेवटचा श्वास घेतला तेव्हा मी तिच्या अंगावर होते. आता मी हुकमारामच्या घरी असते. तो मला दर थंडीत उन्हात टाकतो, काठीनं झटकतो, आणि नातवंडांना माझ्यावर बसवतो. विरले आहे, पण फाटलेली नाही.

म्हणून मित्रांनो, एवढंच मागते. तुमच्या घरात जुनी घोंगडी असेल तर तिला माळ्यावर टाकू नका. ऊन दाखवा, पांघरा, कुणालातरी तिच्यावर बसवून भाकरी वाढा. आणि कुणी तुम्हाला अडचणीत पाणी पाजलं असेल तर त्याच्यापर्यंत जा, उशीर झाला असला तरी जा. त्याचे आभार माना, पण तेवढ्यावर परतू नका. ते पाणी मुळात कुणाच्या वाट्याचं होतं, एवढं विचारा. ज्याच्या वाट्याचं असतं तो सहसा दिवाणखान्यात भेटत नाही. मागच्या बाजूला बांधलेला असतो.